बिजागरीचा नी ब्रेस : चार महिने लाल मातीत आणि खाऱ्या हवेत

हा ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार द्यायचा पट्टा, भाच्यासाठी घेतला. तो टी. वाय.ला आहे, कॉलेजच्या कबड्डी संघाचा पहिला चढाईपटू. मे महिन्यात सरावात एक गडी बाजूने त्याच्या गुडघ्यावर पडला आणि आतल्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा बंध, ताणला. फाटला नव्हता. कुडाळच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सहा आठवडे व्यायाम दिला आणि सरावाला परत उतरताना बिजागरीचा ब्रेस घालायला सांगितलं. बहीण म्हणाली, "दादा, तूच बघ कसलो घेवचो तो, माका त्यातला काय कळणा नाय."

मी मालवणात आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. बिजागरी, स्क्रू, रिबिट, गंज हे माझं रोजचं काम, म्हणून ही वस्तूही मी तशीच उलटीपालटी करून, खोलून बघितली. ब्रँडचं नाव लिहीत नाही. याच बनावटीचे चार-पाच ब्रँड मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन मिळतात आणि आतली बांधणी सगळ्यांची जवळपास सारखीच. आम्हाला १,६५० रुपयांना पडला.

बांधणी अशी. निओप्रीनची, म्हणजे रबरी कापडाची, जाड बाही, वाटीच्या जागी गोल भोक, दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या मधोमध बिजागरी. ही बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी एका खिळ्यावर फिरत नाही. दोन छोटी दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली असतात आणि पाय वाकला की दोन्ही मिळून फिरतात. माणसाचा गुडघाही एकाच ठिकाणी फिरत नाही, वाकताना मांडीचं हाड नडगीवर थोडं घरंगळतं, म्हणून ही रचना. स्वस्तातल्या, पाचशे-सहाशेच्या ब्रेसमध्ये एकच पिन असते. तो घालून पूर्ण खाली बसलं की ब्रेस सरकून पोटरीवर येतो. घ्यायचा तर दोन चाकांचा घ्या, यात काटकसर करू नका.

माप घेताना आम्ही चुकलो. गुडघ्याचा घेर मोजला आणि मीडियम मागवला. या कंपनीच्या तक्त्यात माप वाटीच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर वर, मांडीवर घ्यायचं होतं. कबड्डीवाल्याची मांडी भरलेली असते. मीडियम चढला, पण वरच्या पट्ट्याचं वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटत होतं, एका चढाईत सुटलं असतं. बदलून लार्ज यायला आठ दिवस गेले. तेव्हा आधी तक्ता बघा, मग टेप घ्या, आणि माप उभं राहून, पायावर भार टाकून घ्या.

आता आपल्याकडच्या हवेत तो कसा टिकतो, ते. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घाम. निओप्रीनमधून हवा जात नाही. जून-जुलैत आमच्याकडे नुसतं बसून घाम येतो, त्यात दीड तास सराव. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या गुडघ्याच्या मागच्या खळगीत लाल पुरळ उठलं. आत सुती मोजा घालायला लागल्यावर थांबलं. जुन्या बनियनची बाही कापून घातली तरी चालते, फक्त शिवण आतल्या बाजूला येऊ देऊ नका.

दुसरं, धुणं. कोमट पाणी, साधा लिक्विड साबण, आणि पिळायचा नाही. उन्हात टाकला तर निओप्रीन कडक होतो, आणि पावसाळ्यात सावलीत टाकला तर दोन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. आम्ही चुलीच्या वर, मासे सुकवायच्या दोरीच्या बाजूला टांगायचो. रोज सराव असेल तर पावसाळ्यात एका ब्रेसवर भागत नाही.

तिसरं, माती. पाऊस उघडला की आमची पोरं वाडीतल्या मैदानात लाल मातीवरच सराव करतात. ही माती वेल्क्रोच्या आकड्यांत जाऊन बसते आणि मग पट्टा धरत नाही. जुन्या टूथब्रशने रोज दोन मिनिटं साफ केलं तर चार महिने टिकतो. नाही केलं तर सहा आठवड्यांत फेकायच्या लायकीचा. भाच्याबरोबरच्या एका पोराचा असाच गेला.

चौथं माझ्या धंद्यातलं. लोहचुंबक घेऊन तपासलं. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, त्यांना चुंबक लागत नाही. पण बिजागरीचे स्क्रू चटकन चिकटले, म्हणजे साधं लोखंड वर मुलामा देऊन वापरलंय. आमचं घर समुद्रापासून पाव किलोमीटरवर. तिसऱ्या महिन्यात स्क्रूंच्या डोक्यावर तांबूस गंज आला आणि बिजागरी करकर वाजायला लागली. मी चारही स्क्रू काढून होडीला वापरतो तसे ३१६ स्टीलचे बसवले आणि सुटू नयेत म्हणून आट्यांना लॉकर, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा डिंक, लावला. बिजागरीत तेल घालू नका. कबड्डीत अंगाला तेलकट काही लागलेलं चालत नाही. सिलिकॉनचा हलका फवारा मारा आणि पुसून घ्या. समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी करावं. कंपनीने दहा रुपये जास्त घेऊन स्टीलचे स्क्रू घातले असते तर मी पाचपैकी चार तारे दिले असते. सध्या साडेतीन.

आता हा ब्रेस करतो काय, आणि काय करत नाही.

गुडघ्यावर बाजूने मार बसतो तेव्हा तो मार पट्ट्या अडवतात. ते काम तो चोख करतो. ऑगस्टमध्ये सरावात भाच्याला तसाच धक्का पुन्हा बसला. ॲल्युमिनियमची पट्टी थोडी वाकली, गुडघ्याला काही झालं नाही. एवढ्यासाठीच पैसे वसूल. पण पाय जमिनीत रोवलेला असताना मांडी फिरते, तो पीळ हा ब्रेस अडवत नाही. मॅडमनी स्वतःच्या मुठीवर दुसरी मूठ फिरवून दाखवलं. गुडघ्याच्या आत तिरपा जाणारा जो लिगामेंट आहे, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो अशा पिळात तुटतो. तो तुटला की बहुतेक खेळाडूंना ऑपरेशन करावं लागतं, मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध घेऊन नवा लिगामेंट बसवतात, आणि त्यानंतर मैदानात यायला नऊ महिने ते वर्ष. मॅटवर तर पीळ आणखी वाईट, कारण रबरी तळव्याचा बूट मॅटला धरून राहतो. मातीत अनवाणी पाय निदान थोडा घसरतो.

याच बोलण्यात मॅडमनी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं सांगितलं. तिकडे हा हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळायचा खेळ, आणि तो आपल्या कबड्डीपेक्षाही अंगावर येणारा. तिथल्या अनेक कॉलेजांत पुढच्या फळीतल्या धिप्पाड पोरांना दोन्ही गुडघ्यांना असलेच बिजागरीचे ब्रेस घालायला लावतात. "पण तिथेसुद्धा," त्या म्हणाल्या, "खूप चांगली पोरं आता शेवटची मॅच खेळतच नाहीत. ब्रेसवर विसंबून राहत नाहीत ती." मला ते नवीन होतं. घरी येऊन दोन-तीन रात्री मी तेच वाचत बसलो.

तिथे शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक लीगच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, जाता येत नाही. तोवर पोरं कॉलेजकडून खेळतात. त्या खेळावर कॉलेजं, टीव्हीवाले, प्रायोजक सगळे कमावतात, आणि खेळणाऱ्या पोरांना २०२१पर्यंत स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसेसुद्धा घेता येत नव्हते. हंगाम संपला की डिसेंबर-जानेवारीत मानाचे सामने होतात, त्यांना बाउल म्हणतात. त्यातले बहुतेक सामने विजेतेपदासाठी नसतात. नाव, परंपरा, उत्सव. आपल्याकडच्या शिमग्याच्या किंवा जत्रेच्या स्पर्धेसारखे.

१ जानेवारी २०१६ला फिएस्टा बाउलमध्ये नोत्र दाम कॉलेजचा जेलन स्मिथ खेळला. बचावातला खेळाडू, निवडीत अगदी वरच्या क्रमांकावर जाणार असं सगळे धरून चालले होते. त्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. एसीएल आणि बाहेरचा लिगामेंट दोन्ही तुटले, नसेलाही इजा झाली. निवडीत तो ३४वा गेला, दुसऱ्या फेरीत. २०१६चा पूर्ण हंगाम बाहेर. २०१७ला उतरला तेव्हा पाऊल उचलून धरायला पायात ब्रेस होता.

२०१६च्याच अखेरीला स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, लेनर्ड फोर्नेट या दोघांनी आपापला बाउल सामना न खेळण्याचा निर्णय जाहीर केला. केवढी टीका झाली त्यांच्यावर. संघाला सोडलं, सोबत्यांना दगा दिला. ३० डिसेंबर २०१६ला मिशिगनचा जेक बट ऑरेंज बाउल खेळला आणि त्याचा एसीएल तुटला. चार महिन्यांनी निवड झाली. फोर्नेट चौथा, मॅकॅफ्री आठवा. बट पाचव्या फेरीत, १४५वा.

मी हे आकडे भाच्याला दाखवले नाहीत. त्याने ते स्वतः मोबाइलवर शोधून मला दाखवले. तेव्हा आमच्याकडचाच प्रश्न उभा राहिला होता.

गणपतीनंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच सामन्याला पंचांनी त्याच्या पायावरून हात फिरवला, पट्ट्या लागल्या, आणि ब्रेस काढायला सांगितला. धातूची वस्तू घालून उतरता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. घोटा नाहीतर मांडी धरायला आलेल्या पोराचं बोट त्या बिजागरीत अडकलं तर तुटेल. पण घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं, म्हणून लिहितो. हा ब्रेस सरावाचा आहे. सामन्यात, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथे तो बॅगेत असतो. दुकानदार सांगत नाही, कंपनी सांगत नाही, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

भाचा तो आणि पुढचा असे दोन सामने ब्रेसशिवाय खेळला, गुडघ्याला साधी पट्टी गुंडाळून. संघ अंतिम सामन्यात आला. आणि त्याच आठवड्यात मुंबईहून एका व्यावसायिक संघाच्या तरुण खेळाडूंच्या चाचणीचं बोलावणं आलं. अंतिम सामना रविवारी, चाचणी पुढच्या शुक्रवारी.

२०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, त्याआधी आमच्या पोरांपुढे एकच वाट होती. जिल्ह्याकडून खेळा, राज्याकडून खेळा, आणि रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम किंवा एअर इंडियात खेळाडू म्हणून चिकटा. आता टीव्हीवर खेळायची वाटही आहे. ती अरुंद आहे आणि तिच्या तोंडावर पोरं उभी आहेत ती पूर्ण देशातली. भाच्याचे वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. वर्षातले जून-जुलै समुद्र बंद. त्या घरात गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे कुठून येणार, हे मला माहीत आहे. बहिणीच्या गळ्यातून.

शनिवारी रात्री तो गॅरेजवर आला. मी एक गिअरबॉक्स उघडून बसलो होतो. बराच वेळ तो पान्ने इकडचे तिकडे करत राहिला, मग म्हणाला, "मामा, मी उद्या खेळू काय नको?"

मी विचारलं, "गुडघो दुखता?"

"नाय. पण डावीकडे वळताना भरवसो वाटणा नाय."

"सरांका सांगलंस?"

"सांगलंय. ते म्हणाले तुझा तू ठरव. पोरां बोलणत नाय माझ्याशी."

मी त्याला माझं सांगितलं. त्याला ते अर्धवट माहीत होतं, पूर्ण कधी सांगितलं नव्हतं. १९९९च्या शिमग्यात आमच्या वाडीच्या मंडळाकडून मी खेळत होतो. जिल्हा संघाची निवड पंधरा दिवसांवर. मी जाणार हे ठरल्यासारखं होतं. सामना शेजारच्या वाडीशी, बक्षीस एक ढाल आणि ५०१ रुपये. आदल्या दिवसापासून माझा गुडघा जड होता. बसतो म्हणालो तर मंडळातली मोठी माणसं म्हणाली, "वाडयेची अब्रू आसा." उतरलो. शेवटच्या पाच मिनिटांत बोनस घेऊन वळलो, कोपऱ्यातल्या गड्याने मांडी धरली, पाय मातीत तसाच राहिला आणि मी फिरलो. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. आम्ही तो सामना जिंकलो. ढाल अजून समाजमंदिराच्या कपाटात आहे. हाडवैद्याने पाला बांधला, हळद लावली, तीन महिने मी खाटेवर. एमआरआय पहिल्यांदा केला तो २०११ला, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले एसीएल जुना तुटलेला आहे, आता कूर्चाही झिजली. होडीतून धक्क्यावर चढताना आजही तो पाय मी नंतर ठेवतो.

अब्रूचं बोलणारी जी माणसं होती, त्यातला एकही वाईट नव्हता. माझ्यावर त्यांचं प्रेम होतं. खाटेवर असताना ते पेज घेऊन यायचे. पण माझं दुखणं त्यांच्यापैकी कोणाला वाटून घेता आलं नाही.

"खेळू नको," असं मी भाच्याला म्हणालो नाही. म्हणालो, "माझ्या वेळी माका कोणी इचारूक नाय. तुका मी इचारतंय. काय व्हया तुका?" तो रडला. वीस वर्षांचा मुलगा, माझ्यासमोर, हातात तेरा नंबरचा पाना घेऊन.

रविवारी तो बसला. घरी थांबला नाही. संघाच्या जर्सीत बाकावर बसला, पाणी दिलं, ओरडून ओरडून घसा बसवला. संघ नऊ गुणांनी हरला. तिसऱ्या चढाईला जाणारं पोर पहिल्या चढाईला पाठवावं लागलं, ते बिचारं सारखं धरलं जात होतं. मी मैदानाच्या कडेला उभा होतो आणि मागे लोक काय बोलत होते ते ऐकत होतो. "मोठो खेळाडू झालो आता." "पळालो." हे मला लागलं. आणि ज्या सात पोरांना त्याच्याशिवाय उतरावं लागलं, त्यांचे उतरलेले चेहरेही लागले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. ३० डिसेंबर २०२३च्या ऑरेंज बाउलमध्ये फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी पोरगे असेच बाजूला झाले होते, आणि मागे राहिलेला संघ जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला. त्या दिवशी मैदानात जे होते त्यांनाही घर आहे, आईबाप आहेत. मी भाच्याच्या बाजूने आहे, तरी त्या बाकीच्यांचा राग मी चुकीचा मानत नाही. त्याने पुढच्या सोमवारी प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलायला हवं, असं मी त्याला सांगितलं आणि तो गेला. दोघांनी दार उघडलं नाही. एकाच्या आईने चहा दिला.

गुरुवारी तुतारी एक्स्प्रेसने दादरला गेला. शुक्रवारी चाचणी, तीनशेच्या आसपास पोरं होती म्हणाला. धावणं, उड्या, मग मॅटवर सात-सात जणांचे सामने. पहिल्या दिवसात तो टिकला, दुसऱ्या दिवशी नाव आलं नाही. निवडणाऱ्या एकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की उजवीकडची चढाई चांगली आहे, डावीकडे वळताना तू थांबतोस, पाय घट्ट कर आणि पुढच्या वर्षी ये. गावात काहींना वाटलं, बघा, मॅचही गेली आणि चाचणीही. मला तसं वाटत नाही. तो दोन्ही पायांवर चालत स्टेशनातून बाहेर आला, बॅग स्वतः उचलून. रिक्षात बसताना पहिला डावा पाय टाकला. मी नेमकं तेच बघत होतो.

आता मॅडमनी व्यायाम बदलून दिलाय. एका पायावर उभं राहून बसणं, उडी मारून एका पायावर उतरणं, मांडीमागच्या स्नायूंसाठी गुडघ्यावर बसून पुढे झुकणं. हा शेवटचा प्रकार दोघांनी करायचा, एकाने घोटे धरायचे. घोटे धरायला संघातला तोच पोर येतो, जो त्या रविवारी पहिल्या चढाईला गेला होता. मॅडम म्हणतात, पीळ सोसायची ताकद या व्यायामातून येते, ब्रेस फक्त बाजूचा मार घेतो. म्हणून ब्रेस घेणाऱ्याने त्या पैशांबरोबर फिजिओकडच्या चार-पाच फेऱ्यांचे पैसेही बाजूला काढून ठेवावेत. नुसता ब्रेस घालून खेळणारी पोरं बघितली की मला भीती वाटते, त्यांना वाटतं आता काही होणार नाही.

आमचा ब्रेस चार महिन्यांनी असा आहे : डाव्या अंगाची पट्टी किंचित वाकलेली, ती मी शिकंजात धरून सरळ केली. निओप्रीन वाटीच्या भोकाजवळ एक सेंटिमीटर उसवलाय. खालचा पट्टा सैल धरतो, तो चांभाराकडून नवं वेल्क्रो लावून चाळीस रुपयांत होईल. स्टीलच्या स्क्रूंवर अजून गंज नाही. दुसरा घ्यायचा झाला तर याच बनावटीचा घेईन, लार्जच, आणि स्क्रू त्याच संध्याकाळी बदलेन.